मेंदूभोवतीच्या द्रवातील धातूंचे मोजमाप : विद्युत्-रसायनशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य

चंडीगड शहराचा आराखडा ल कॉर्बुझिए यांनी १९५० च्या दशकात आखला, तेव्हा सेक्टर १७ हे शहराचे मध्यवर्ती केंद्र ठरविण्यात आले. तेथील विस्तीर्ण चौक केवळ पादचाऱ्यांसाठी राखण्यात आला. मोटारींनी कडेच्या वाहनतळापर्यंतच यावे, अशी योजना होती. माणसाचा मार्ग आणि वाहनाचा मार्ग वेगळा ठेवण्याचा हा विचार त्या काळी नवा होता. वाहनाचा धूर मात्र अशी सीमा पाळत नाही. चौकाला लागून बसस्थानक आणि भोवती रहदारीचे रस्ते आहेत. १ फेब्रुवारी २००० रोजी शिसेविरहित पेट्रोल देशभर लागू होईपर्यंत भारतातील बहुतेक शहरांच्या हवेत पेट्रोलमधून बाहेर पडणारे शिसे मिसळत होते. ते जमिनीवर बसले आणि धुळीत राहिले. कारण धातू कुजत नाही, विरत नाही.

याच सेक्टरमध्ये राष्ट्रीय हवा गुणवत्ता निरीक्षण कार्यक्रमाचे एक केंद्र आहे. हवेतील कण गाळणपट्टीवर पकडून मोजता येतात. परंतु श्वासावाटे किंवा अन्नावाटे शरीरात गेलेल्या धातूपैकी किती भाग मेंदूपर्यंत पोहोचला, या प्रश्नाचे उत्तर ती पट्टी देऊ शकत नाही. त्यासाठी शरीरातील द्रवांकडेच वळावे लागते. द्रवातील धातूची अत्यल्प मात्रा कमी खर्चात मोजण्याचे एक समर्थ साधन विद्युत्-रसायनशास्त्राने दिले आहे. ते साधन काय करू शकते, कोठे थांबते आणि सार्वजनिक आरोग्याच्या नियोजनात त्याचे स्थान कोणते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मेंदूचे पाणी

मेंदू आणि पृष्ठरज्जू एका स्वच्छ, रंगहीन द्रवात तरंगत असतात. शास्त्रीय परिभाषेत त्याला मस्तिष्कमेरू द्रव म्हणतात. सामान्य बोलीत ‘पाठीतले पाणी’ म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते हेच. प्रौढ माणसाच्या शरीरात हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो. म्हणजेच चोवीस तासांत तो तीन ते चार वेळा बदलतो. रक्त आणि हा द्रव यांच्यामध्ये पेशींचा एक अडसर असतो. आवश्यक तेवढे आत सोडावयाचे आणि बाकीचे रोखावयाचे, हे त्याचे काम होय.

तांबे, जस्त, लोह आणि मँगनीज हे धातू अल्प प्रमाणात मेंदूला आवश्यकच असतात. त्यांच्यावाचून अनेक विकरांचे कार्य चालत नाही. मात्र त्यांचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की तेच घातक ठरतात. विल्सनचा विकार हे त्याचे ठळक उदाहरण आहे. या आनुवंशिक विकारात शरीराला जादा तांबे बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात आणि पुढे मेंदूत साठते. मेंदूवर परिणाम झालेल्या अशा रुग्णांच्या मस्तिष्कमेरू द्रवात तांब्याचे प्रमाण वाढलेले आढळते आणि योग्य उपचारांनी ते हळूहळू उतरते. मँगनीजचा अतिरेक झाल्यास कंपवातासारखी लक्षणे दिसतात. शिशाची गोष्ट निराळी. शरीरात त्याचे कोणतेही उपयुक्त कार्य नाही. ते कॅल्शियमची नक्कल करून पेशींत शिरते आणि वाढत्या मेंदूच्या जडणघडणीत व्यत्यय आणते.

या द्रवातील धातूंची मात्रा अतिशय अल्प असते. एका लिटरमागे काही मायक्रोग्रॅम, शिशाच्या बाबतीत अनेकदा त्याहूनही कमी, अशी ही पातळी आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तपासणीसाठी हाती येणारा द्रव तर एक-दोन मिलिलिटरच असतो. एवढ्याशा नमुन्यातील एवढीशी मात्रा मोजावयाची, ही मूळ अडचण होय.

आधी गोळा करणे, मग मोजणे

विद्युत्-रासायनिक मोजमापाचा पाया प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी १९२२ मध्ये घातला. पाऱ्याच्या थेंबाथेंबाने पडणाऱ्या धारेचा त्यांनी इलेक्ट्रोड म्हणून उपयोग केला. द्रावणातील प्रत्येक धातू विशिष्ट विद्युतदाबालाच इलेक्ट्रोडवर प्रतिक्रिया देतो आणि त्या वेळी वाहणारा प्रवाह धातूच्या प्रमाणाशी निगडित असतो, हे त्यांनी दाखवून दिले. या कार्याबद्दल त्यांना १९५९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मूळ पद्धत अत्यल्प मात्रेसाठी पुरेशी संवेदनक्षम नव्हती. ती उणीव ‘स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्री’ या सुधारित पद्धतीने भरून काढली. तिचे तत्त्व साधे आहे. पहिल्या टप्प्यात इलेक्ट्रोडला ऋण विद्युतदाब देऊन द्रावणातील धातू त्याच्या पृष्ठभागावर काही मिनिटे साचू दिला जातो. गोठ्यात एकेक गुरू आत घ्यावे आणि नंतर दार उघडून सगळी एकदम मोजावीत, तसाच हा प्रकार आहे. दुसऱ्या टप्प्यात विद्युतदाब क्रमाक्रमाने धन दिशेने वाढविला जातो. मग साचलेले धातू ठरावीक क्रमाने सुटून पुन्हा द्रावणात उतरतात. आधी जस्त, मग कॅडमियम, त्यानंतर शिसे आणि शेवटी तांबे, असा हा क्रम असतो. धातू सुटताना प्रवाहाचा एक उंचवटा आलेखावर उमटतो. उंचवट्याची जागा धातू कोणता हे सांगते. त्याचा आकार धातू किती हे सांगतो. एकाच नमुन्यात चार धातूंचे मोजमाप शक्य होते, ते यामुळेच.

ही पद्धत इतकी सूक्ष्म का, हे एका हिशेबावरून स्पष्ट होईल. शिशाचा प्रत्येक अणू द्रावणात उतरताना दोन इलेक्ट्रॉन मागे सोडतो. त्यानुसार एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाएवढे शिसे सुटताना सुमारे ०.९३ मायक्रोकूलोम विद्युतभार मिळतो. साध्या इलेक्ट्रॉनिक मंडलालाही तो ओळखता येतो. वजनकाट्याला जे अशक्य, ते विद्युतप्रवाहाला सहज साध्य होते.

अणुशोषण वर्णपटमापक किंवा प्लाझ्मावर चालणारे वस्तुमान वर्णपटमापक ही यंत्रेही असे मोजमाप करतात आणि काही बाबतींत अधिक अचूकपणे करतात. पण ती महाग असतात. त्यांना वायूचा अखंड पुरवठा, वातानुकूलित खोली आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात. विद्युत्-रासायनिक उपकरण मात्र हातात मावण्याइतके लहान करता येते. पूर्वी त्यात पारा अपरिहार्य होता. इ.स. २००० मध्ये बिस्मथच्या पातळ थराचा इलेक्ट्रोड पुढे आला आणि पाऱ्याला पर्याय मिळाला. सोन्याच्या आणि कार्बनच्या पृष्ठभागाचे इलेक्ट्रोडही वापरात आहेत. पाऱ्याचा वापर कमी करण्याविषयीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली असल्याने या पर्यायांना अधिकच महत्त्व आहे.

निर्मळतेची कसोटी

यंत्र कितीही संवेदनक्षम असले, तरी नमुना निर्मळ नसेल तर मिळणारी संख्या निरर्थक ठरते. मस्तिष्कमेरू द्रवाच्या बाबतीत ही कसोटी फार कठोर आहे. रक्तातील जवळजवळ सर्व शिसे तांबड्या पेशींत असते. पाठीतून द्रव काढताना सुईने एखादी सूक्ष्म रक्तवाहिनी दुखावली आणि द्रवात अवघा एक टक्का रक्त मिसळले, असे समजू. रक्तात लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम शिसे असेल, तर तेवढ्याने द्रवातील पातळी लिटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमने वाढेल. ही वाढ त्या द्रवातील मूळ शिशाच्या बरोबरीची असू शकते. मग मोजले ते मेंदूच्या द्रवातील शिसे की रक्तातले, हे सांगता येणार नाही.

सुईचे पोलाद, नळीचे काचपात्र, रबरी बूच, तपासनिसाच्या हातमोज्यावरील पूड आणि खोलीतील धूळ यांतूनही धातू मिसळू शकतो. म्हणून पात्रे आम्लात भिजवून ठेवावी लागतात आणि प्रत्येक खेपेस कोऱ्या नमुन्याची तपासणी करावी लागते. ज्ञात प्रमाणाचा धातू नमुन्यात मिसळून उंचवटा अपेक्षेइतका वाढतो की नाही, हेही पडताळावे लागते. एका गोष्टीत मात्र हा द्रव सोयीचा आहे. त्यात प्रथिने रक्तद्रवाच्या एक टक्क्याहूनही कमी असतात. प्रथिने इलेक्ट्रोडवर चिकटून त्याचा पृष्ठभाग बधिर करतात. तो त्रास येथे कमी होतो. तरीही प्रथिनांना बांधलेला धातू मोकळा करण्यासाठी आम्लप्रक्रिया टाळता येत नाही.

याहून मोठी मर्यादा नैतिक आणि व्यावहारिक आहे. मणक्यांमधून द्रव काढणे ही वैद्यकीय कारणासाठीच करावयाची क्रिया होय. मेंदूज्वराचा संशय असलेल्या किंवा मज्जासंस्थेच्या विकाराने पीडित रुग्णाच्या बाबतीत ती समर्थनीय ठरते. केवळ शिसे किती आहे हे पाहण्यासाठी निरोगी बालकाच्या पाठीत सुई घालणे कोणालाही मान्य होणार नाही. विल्सनच्या विकारातही डॉक्टर प्रामुख्याने रक्तातील प्रथिन, चोवीस तासांच्या लघवीतील तांबे आणि डोळ्याच्या बुबुळाभोवतीचे कडे यांवरच निदान करतात. तात्पर्य, मेंदूभोवतीच्या द्रवाचे मोजमाप हे संशोधनाचे आणि निवडक रुग्णांचे साधन आहे. लोकसंख्येच्या पातळीवर रक्ताच्या थेंबावरच भिस्त ठेवावी लागते.

रुग्णालयाकडून सर्वेक्षणाकडे

या दिशेने महाराष्ट्रात झालेले काम उल्लेखनीय आहे. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी सहा ते दहा वर्षे वयाच्या मुंबईकर मुलांच्या संदर्भात शिसे, कॅडमियम, तांबे आणि जस्त यांचा अभ्यास केला. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. या केंद्रातील अशा अभ्यासांत स्ट्रिपिंग पद्धतीचाच उपयोग करण्यात आला. हवा, अन्न आणि रक्त यांचे मोजमाप एकत्र मांडल्यामुळे धातू कोणत्या वाटेने येतो, याचा अंदाज बांधणे शक्य झाले.

याच सुमारास दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, १९९८-९९ मध्ये, मुंबई आणि दिल्ली येथील तीन वर्षांखालील मुलांच्या रक्तातील शिसे तपासण्यात आले. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने समन्वय केलेल्या या सर्वेक्षणात सुवाह्य विद्युत्-रासायनिक उपकरण वापरले गेले. प्रयोगशाळेतील पद्धत घरोघरी पोहोचल्याचे हे लक्षणीय उदाहरण होय. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,०८१ मुलांच्या विश्लेषणानुसार ७६ टक्के मुलांच्या रक्तात प्रति डेसिलिटर ५ ते २० मायक्रोग्रॅम शिसे होते. तीन महिन्यांपर्यंतच्या बालकांच्या तुलनेत १२ ते २३ महिने वयाच्या मुलांत हे प्रमाण १४६ टक्क्यांनी अधिक होते. रांगणारे, हाताला लागेल ते तोंडात घालणारे मूल जमिनीवरच्या धुळीच्या सर्वांत जवळ असते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. निम्न राहणीमानाच्या कुटुंबांत शिशाचे प्रमाण ३२ टक्क्यांनी जास्त आढळले. उंचीच्या मानाने चांगले वजन असलेल्या मुलांत ते कमी होते.

या आकड्यांचा अर्थ अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. लोह आणि कॅल्शियम यांची उणीव असलेल्या शरीरात शिसे अधिक शोषले जाते. म्हणजे दारिद्र्य दोन मार्गांनी आघात करते : वस्तीमुळे शिसे अधिक मिळते आणि कुपोषणामुळे ते अधिक अंगी लागते. अंगणवाडीतील पोषक आहार हा या दृष्टीने शिशाविरुद्धचाही उपाय ठरतो.

अल्प मात्रेचे अर्थशास्त्र

विषबाधा म्हटली की आकडी, बेशुद्धी, पोटदुखी अशी लक्षणे डोळ्यांसमोर येतात. शिशाचे खरे नुकसान मात्र लक्षणांच्या कितीतरी आधी सुरू होते. सात आंतरराष्ट्रीय अभ्यासगटांतील १,३३३ मुलांची माहिती एकत्र करून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाने हे स्पष्ट केले. रक्तातील शिसे प्रति डेसिलिटर २.४ वरून १० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढले, तर बुद्ध्यंकात ३.९ गुणांची घट दिसली. १० वरून २० पर्यंत वाढल्यास आणखी केवळ १.९ गुणांची. म्हणजेच पहिल्या काही मायक्रोग्रॅमचे सीमांत नुकसान सर्वाधिक आहे.

म्हणूनच अमेरिकेतील रोगनियंत्रण संस्थेने आपली संदर्भपातळी १९९१ मधील १० वरून २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. येथे तंत्रज्ञान आणि धोरण यांचा एक पेच निर्माण होतो. प्रचलित सुवाह्य विद्युत्-रासायनिक उपकरणाची खालची मर्यादा ३.३ मायक्रोग्रॅम आहे. ज्या पातळीवर निर्णय घ्यावयाचा, ती उपकरणाच्या मोजमापाच्या अगदी काठावर आली आहे. शिवाय मे २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असा इशारा दिला होता, की अशा चाचण्यांत शिरेतून घेतलेले रक्त वापरल्यास निष्कर्ष खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. कमी दाखविणारे यंत्र हे जास्त दाखविणाऱ्या यंत्रापेक्षा अधिक घातक असते. कारण ते पालकांना आणि प्रशासनाला खोटा दिलासा देते. म्हणून बोटाच्या टोकातील रक्ताची प्राथमिक चाचणी सुवाह्य उपकरणावर आणि वाढीव निष्कर्षांची फेरतपासणी मोठ्या प्रयोगशाळेत, अशी दुहेरी रचनाच योग्य ठरते.

नुकसानीची व्याप्ती मोठी आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे. त्यांपैकी सुमारे २७.५ कोटी मुले भारतातील आहेत. जागतिक बँकेतील अभ्यासकांनी २०२३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार शिशामुळे २०१९ या एका वर्षात जगाचे सुमारे ६ लाख कोटी डॉलरचे, म्हणजे जागतिक उत्पन्नाच्या ६.९ टक्के इतके नुकसान झाले. हे आकडे विखुरलेल्या अभ्यासांवर आधारलेल्या गणिती प्रतिमानांतून आलेले आहेत, याचे भान ठेवले पाहिजे. देशव्यापी, नियमित मोजमापाची जागा असे अंदाज घेऊ शकत नाहीत. हिमोग्लोबिनची तपासणी कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात रुळली, तशी शिशाची तपासणी रुळली नाही.

संख्येनंतर काय

मोजमाप हे साध्य नव्हे. आकड्यामुळे धातूचा स्रोत सापडला आणि तो दूर झाला, तरच मोजणीचा खर्च सार्थकी लागतो. पुण्याचे एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. यकृताच्या एका जीवघेण्या बालविकाराने एकेकाळी देशातील अनेक कुटुंबांत बालके दगावत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यांनी १९८० च्या दशकात अशा मुलांच्या यकृतातील तांब्याचे प्रमाण आणि त्यांच्या आहाराचा इतिहास पडताळून पाहिला. तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविलेले व साठविलेले दूध तान्ह्या वयात पाजण्याशी या विकाराचा संबंध असल्याचे त्यांनी दाखविले. उपाय महाग औषधाचा नव्हता. भांडे बदलावयाचे होते. भांडी बदलत गेली आणि हा विकार विरळ झाला.

शिशाच्या बाबतीतही अशीच साखळी उभी करता येईल. पेट्रोलचा प्रश्न २००० मध्ये सुटला. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा २०१६ च्या अधिसूचनेने घातली आणि ती २०१७ पासून लागू झाली. जुन्या बॅटऱ्यांच्या पुनर्वापरासंबंधी २०२२ मध्ये नवे नियम आले. परंतु वस्तीतील भट्टीवर बॅटऱ्या वितळविणे, भिंतीवरचे जुने रंग, सुरमा, रंगविलेली खेळणी, भेसळयुक्त हळद आणि शिसे मिसळलेल्या कथिलाची कल्हई हे स्रोत तपासणीवाचून लपलेलेच राहतात. रक्तासाठी वापरले जाणारे तत्त्वच हळद, पाणी, धूळ आणि कल्हईच्या भांड्यातील आमटी यांनाही लागू पडते. मुलाचे रक्त आणि घरातील वस्तू एकाच वेळी तपासल्या, तर आकडा आणि कारण दोन्ही हाती येतात.

अशा प्रयत्नासाठी चंडीगडसारखे शहर सोयीचे आहे. मस्तिष्कमेरू द्रवाचे नमुने वैद्यकीय कारणाने जेथे घेतले जातात, ती पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था सेक्टर १२ मध्ये आहे. पंजाब विद्यापीठ सेक्टर १४ मध्ये, तर १९६२ पासून या शहरात असलेली केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना सेक्टर ३० मध्ये आहे. सेक्टर १७ आणि भोवतालच्या रस्त्यांवर रोज तासन्‌तास काम करणारे विक्रेते, वाहनतळावरील कामगार आणि त्यांची मुले ही ज्यांच्यासाठी हे मोजमाप करावयाचे ती माणसे आहेत. रुग्णालय, विद्यापीठ, उपकरणशाळा आणि बाजारपेठ काही किलोमीटरच्या परिघात असताना स्वदेशी, स्वस्त आणि काठावरच्या पातळीवरही विश्वसनीय असे उपकरण घडविणे व ते प्रत्यक्ष वस्तीत पारखून घेणे अवघड ठरू नये.

त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, जिल्हा पातळीवरील प्रयोगशाळांच्या निष्कर्षांची एका मध्यवर्ती संदर्भ प्रयोगशाळेकडून नियमित पडताळणी व्हावी. बंगळूरु येथील राष्ट्रीय शिसे संदर्भ केंद्राचा अनुभव येथे उपयोगी पडेल. दुसरी, एक ते दोन वर्षे वयाच्या मुलांची नमुना तपासणी लसीकरण किंवा अंगणवाडीच्या विद्यमान यंत्रणेशी जोडली जावी, म्हणजे वेगळा डोलारा उभारावा लागणार नाही. तिसरी, वाढीव निष्कर्ष आलेल्या प्रत्येक घरी स्रोताचा शोध घेण्याची जबाबदारी निश्चित असावी. रक्तातील शिशाची निम्मी मात्रा सुमारे महिनाभरात उतरते. हाडात शिरलेले शिसे मात्र दशकानुदशके टिकते. म्हणून निष्कर्ष आणि कृती यांच्यामध्ये काही आठवड्यांहून अधिक अंतर पडू देणे परवडणारे नाही.

मेंदूभोवतीचा द्रव प्रत्येक मुलाच्या बाबतीत तपासता येणार नाही आणि त्याची गरजही नाही. निवडक रुग्णांच्या द्रवातून मिळणारे ज्ञान रक्तातील आकड्याचा अर्थ लावण्यास साह्य करते. रक्तातील आकडा घरातील भांड्याकडे, रंगाकडे, धुळीकडे बोट दाखवितो. या साखळीतील शेवटचा दुवा मजबूत असेल, तर धातू अडसर ओलांडून मेंदूत शिरण्याआधीच त्याला घराच्या उंबरठ्यावर अडविता येईल.